मोकळी जागा आणि उपयुक्त साठा : एका कमांडची समीक्षा

गेल्या आठवड्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेला एक ज्युनिअर धायरी फाट्यावर चहा पिताना विचारत होता, "ताई, पीएच.डी.ला यायच्या आधी कमांड लाइन, डेटाबेस वगैरे शिकण्यात वेळ घालवू का? की सरळ विषयाचं वाचन करू?" मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण माझं उत्तर "हो" असलं तरी त्यामागचं कारण त्याला वाटतं ते नाही. नोकरी मिळेल किंवा सीव्ही भरेल म्हणून हे शिकायचं असं मला वाटत नाही. एखादं साधन आपल्याला एक आकडा दाखवतं. तो आकडा कशाचा, कधीचा आणि काय गृहीत धरून काढलेला, हे विचारायची सवय लागावी म्हणून शिकायचं. ही सवय मला प्रयोगशाळेत लागली नाही. ती लागली एका कंपनीच्या रात्रपाळीत, एका कमांडमुळे.

म्हणून आजचं हे पोस्ट नेहमीसारखं एखाद्या शोधनिबंधाची ओळख करून देणारं नाही. आज एका साधनाची समीक्षा करायची आहे. साधन आहे ओरॅकलचं एएसएमसीएमडी. डेटाबेस ज्या डिस्कांवर बसलेला असतो त्या डिस्कांच्या गटांवर कमांड लाइनवरून देखरेख करण्यासाठी ते वापरतात. (कमांडची नावं इथे आपण बोलताना म्हणतो तशी लिहिली आहेत.)

आधी थोडं मूळ

मोठ्या डेटाबेसला एक डिस्क पुरत नाही, दहा-वीस लागतात. मग कोणती फाइल कोणत्या डिस्कवर ठेवायची, एक डिस्क मेली तर काय करायचं, नवीन जोडली की जुन्यांवरचा भार तिच्यावर कसा वाटायचा, ही सगळी डोकेदुखी पूर्वी माणसं सांभाळायची. ओरॅकलने 10जी आवृत्तीत ऑटोमॅटिक स्टोरेज मॅनेजमेंट, म्हणजे एएसएम आणलं. तुम्ही डिस्कांचा एक गट, म्हणजे डिस्कग्रुप करून द्यायचा. फाइलींचे तुकडे पाडून ते सगळ्या डिस्कांवर सारखे पसरवण्याचं काम एएसएम करतं.

प्रतीही तेच ठेवतं. गटाचा प्रकार 'एक्स्टर्नल' असेल तर एएसएम प्रत ठेवत नाही, ते काम खालच्या स्टोरेज पेटीवर सोडतं. 'नॉर्मल' असेल तर प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती ठेवतं आणि 'हाय' असेल तर तीन. दोन प्रती एकाच ठिकाणी राहू नयेत म्हणून डिस्का 'फेल्युअर ग्रुप'मध्ये विभागलेल्या असतात. एक फेल्युअर ग्रुप म्हणजे एकत्र मरू शकणाऱ्या डिस्कांचं कुटुंब. तुम्ही काही सांगितलं नाही तर प्रत्येक डिस्क स्वतःच एक फेल्युअर ग्रुप ठरते.

सुरुवातीला हे सगळं एसक्यूएल लिहूनच बघावं लागायचं. 10जीच्या दुसऱ्या आवृत्तीत (2005) एएसएमसीएमडी आलं. एलएस, सीडी, पीडब्ल्यूडी, डीयू, आरएम अशी ओळखीची नावं त्यात होती. पुढे 11जीच्या दुसऱ्या आवृत्तीत (2009) डिस्कग्रुप तयार करणं, बदलणं, रीबॅलन्स करणं, आयओस्टॅट बघणं हेही त्यात आलं. आज एखादा डीबीए सकाळी आल्यावर पहिली कमांड टाकतो ती बहुतेक वेळा एलएसडीजी. म्हणजे लिस्ट डिस्कग्रुप.

माझी मुख्य तक्रार याच कमांडबद्दल आहे.

पेपरातला तक्ता आणि एलएसडीजीचा तक्ता

पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या या टोकाला राहणाऱ्यांना एक तक्ता पाठ असतो. जून ते सप्टेंबर रोज पेपरात येतो. खडकवासला 1.97 टीएमसी, पानशेत 10.65, वरसगाव 12.82, टेमघर 3.71, चारही मिळून 29.15 टीएमसी. त्यापुढे आज किती साठा, किती टक्के. या तक्त्यावर शब्द असतो 'उपयुक्त पाणीसाठा'. धरणाच्या तळाचा जो साठा बाहेर काढता येत नाही, तो यात धरलेला नसतो. तक्ता वाचणाऱ्या आजोबांना मृत साठा म्हणजे काय हे सांगता आलं नाही तरी चालतं, कारण वजाबाकी आधीच झालेली असते. त्यांना जो आकडा हवा तोच छापलेला असतो.

आता एलएसडीजी बघा. रकाने साधारण असे येतात : स्टेट, टाइप, रीबॅल, सेक्टर, ब्लॉक, एयू, टोटल एमबी, फ्री एमबी, रिक्वायर्ड मिरर फ्री एमबी, युजेबल फाइल एमबी, ऑफलाइन डिस्क्स, व्होटिंग फाइल्स आणि सगळ्यात शेवटी गटाचं नाव. म्हणजे सेक्टर किती बाइटचा हे आधी आणि हा गट कोणता हे शेवटी! आपला डोळा ओळीत शिरतो आणि 'टोटल' आणि 'फ्री' या शेजारी शेजारी असलेल्या ओळखीच्या शब्दांवर थांबतो. फ्री भागिले टोटल, झाली टक्केवारी. पुढचे दोन रकाने लांब नावांचे, म्हणून डोळा ते ओलांडून जातो.

पण खरा आकडा त्या दोनमध्येच आहे. एक उदाहरण घेऊ. आकडे सोपे ठेवते, एएसएमचा स्वतःचा किरकोळ खर्च सोडून देते.

नॉर्मल प्रकारचा एक गट आहे. चार डिस्का, प्रत्येकी 1000 जीबी, प्रत्येक डिस्क म्हणजे एक फेल्युअर ग्रुप. एकूण 4000 जीबी. त्यात 1600 जीबी डेटा आहे, दोन प्रतींमुळे त्याने 3200 जीबी व्यापलेत. उरले 800. एलएसडीजी म्हणणार : टोटल 4096000, फ्री 819200. (आकडे एमबीत येतात. सात अंकी संख्येत स्वल्पविरामही नाही, तुम्ही बोट ठेवून मोजायचं.) वीस टक्के मोकळं. कुणीही म्हणेल, ठीक आहे.

आता एक डिस्क मेली असं धरा. डेटा गेला नाही, कारण दुसरी प्रत आहे. पण मेलेल्या डिस्कवर ज्या प्रती होत्या त्या उरलेल्या तीन डिस्कांवर परत उभ्या करायला हव्यात, तरच पुढचा धक्का सोसता येईल. उरलेल्या तीन डिस्कांची क्षमता 3000. लागणार 3200. बसत नाही! 200 जीबी कमी पडतात, म्हणजे 200 जीबी डेटा एकाच प्रतीवर उघडा राहतो.

हा हिशेब एएसएमने आधीच केलेला असतो. 'रिक्वायर्ड मिरर फ्री' म्हणजे सोसता येईल असा सगळ्यात वाईट बिघाड झाल्यावर प्रती परत पूर्ण करण्यासाठी राखून ठेवायची जागा. नॉर्मल गटात दोनपेक्षा जास्त फेल्युअर ग्रुप असतील तर ती सगळ्यात मोठ्या फेल्युअर ग्रुपएवढी धरतात. इथे ती 1000 जीबी. आणि 'युजेबल फाइल' म्हणजे फ्रीमधून ही राखीव वजा करून प्रतींच्या संख्येने भागायचं : 800 उणे 1000, भागिले 2, बरोबर उणे 100 जीबी. वर हाताने काढलेली 200 जीबीची तूटच, दोन प्रतींनी भागलेली. म्हणजे आपली वीस टक्के मोकळी जागा खरं तर ऋण आहे. आणि ही ऋण संख्या दाखवताना एलएसडीजी ना रंग बदलतं, ना इशारा देतं. आकड्यापुढे एक बारीकशी आडवी रेघ येते, बस्स.

हाय प्रकारच्या गटात हाच हिशेब दोन मोठ्या फेल्युअर ग्रुपएवढी राखीव धरून आणि तीनने भागून होतो.

धरणाच्याच भाषेत सांगायचं तर पावसाळ्यात धरणातली रिकामी जागा ही सगळी 'अजून भरता येईल' अशी जागा नसते. त्यातली काही येणारा लोंढा सामावण्यासाठी लागते. ती उरली नाही की येईल तेवढं पाणी खाली सोडावंच लागतं. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आमच्या भागातल्या सगळ्यांना कळलं की वर धरणात जागा किती उरली आहे हा प्रश्न खाली राहणाऱ्यांसाठी किती खरा असतो. एएसएमची राखीव जागा म्हणजे लोंढ्यासाठीची जागा. ती 'फ्री' या शब्दाखाली मोजणं तांत्रिकदृष्ट्या चूक नाही, पण ती दिशाभूल आहे.

ती रात्र

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.ला प्रवेश मिळेपर्यंत दीड वर्ष मी एका कंपनीत डेटाबेस सपोर्टला होते. रात्रपाळी. शिकले होते माझ्या लॅपटॉपवर, एक्स्टर्नल प्रकारचा गट करून. एक्स्टर्नलमध्ये राखीव शून्य असते, म्हणून फ्री आणि युजेबल हे दोन्ही रकाने सारखेच दिसतात. त्यामुळे माझी सवय अशी पडली की फ्री बघितलं की झालं. चुकीची सवय बरोबर उत्तरं देत होती. अशा सवयी सगळ्यात उशिरा सुटतात.

रोज पहाटे एक अहवाल पाठवायचा असे. त्याचा साचा माझ्या आधीच्या कुणीतरी केलेला. गटाचं नाव, टोटल, फ्री, टक्केवारी, शेरा. मी कित्येक आठवडे शेऱ्यात 'सर्व ठीक' लिहीत होते. गट नॉर्मल होता, आकडे जवळपास वरच्या उदाहरणासारखे होते.

एका रात्री 11:10 ला एक डिस्क गेली. डेटाबेस चालूच राहिला, कुणालाही काही जाणवलं नाही. एएसएम अशी डिस्क लगेच बाद करत नाही, 'ऑफलाइन' करून ठरावीक वेळ वाट बघतं, कारण कधी कधी नुसती केबल सैल झालेली असते. या वेळेला डिस्क रिपेअर टाइम म्हणतात. 11जीमध्ये तिची मूळ किंमत होती 3.6 तास. आमच्याकडे कुणी ती बदलली नव्हती. म्हणजे 2:46 ला मुदत संपली, डिस्क बाद झाली आणि उरलेल्यांवर प्रती उभारणं आपोआप सुरू झालं. ते चालत राहिलं आणि पहाटे जागा संपून थांबलं. त्रुटीचा क्रमांक ओआरए-15041, डिस्कग्रुपमधली जागा संपली. आता नवीन जागा मागणारं प्रत्येक काम अडकलं आणि मग फोन वाजायला लागले.

एलएसडीजीत 'ऑफलाइन डिस्क्स' नावाचा रकाना आहे. साडेतीन तास त्यात 1 असा आकडा होता. तो आमच्या अहवालात नव्हताच. युजेबलचा रकाना तर कित्येक आठवडे ऋण होता. तोही नव्हता.

नवीन डिस्क यायला दोन दिवस लागले. कामं पुढे सरकावीत म्हणून मधल्या काळात जुने बॅकअप हलवून थोडी जागा केली, तरी काही डेटा एकाच प्रतीवर उभा होता. आणखी एक डिस्क गेली असती तर तो गेला असता. गेली नाही. कुणाचं काही नुकसान झालं नाही. पण बैठकीत एकाने शांतपणे माझे जुने अहवाल उघडले आणि विचारलं, "रोज सर्व ठीक तूच लिहिलंस ना?" मी काय सांगणार? साचा माझा नव्हता, हे खरं. पण सही माझी होती. साच्यातला प्रत्येक आकडा बरोबर होता आणि निष्कर्ष चूक होता. संशोधनात याहून भीतिदायक वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

बाकी तक्रारी

पहिली, रकाने स्थिर नाहीत. जुन्या आवृत्त्यांत 'अनबॅल' नावाचा एक रकाना होता, तो पुढे गेला. 11जीच्या दुसऱ्या आवृत्तीत 'व्होटिंग फाइल्स' आला. 12सीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून सेक्टरनंतर 'लॉजिकल सेक्टर' घुसला आणि पुढचं सगळं एक घर सरकलं. ज्यांच्या स्क्रिप्ट "आठवा रकाना उचल" असं म्हणत होत्या त्या आवृत्ती बदलल्यावर कसलीही त्रुटी न देता भलताच आकडा उचलणार. आठवा रकाना आधी फ्री होता, आता तो टोटल आहे. म्हणजे गट भरत आला तरी तुमच्या आलेखात भरपूर जागा! म्हणून स्क्रिप्टमध्ये एलएसडीजी कापत बसण्यापेक्षा व्ही-डॉलर-एएसएम-डिस्कग्रुप या व्ह्यूमधून नावाने रकाना मागणं केव्हाही बरं.

दुसरी, एलएसडीजी साधी टाकली तर डिस्कांचा नव्याने शोध घेत नाही, आधीपासून ठाऊक असलेली माहिती दाखवते. शोध हवा असेल तर 'डिस्कव्हरी' हा पर्याय द्यावा लागतो. हे वेगासाठी आहे, समजू शकते. पण छापलेल्या तक्त्यावर तसं कुठेही लिहिलेलं नसतं.

तिसरी, उसनी नावं. एलएस, आरएम, फाइंड अशी युनिक्सची नावं घेतल्यामुळे नवा माणूस पाच मिनिटांत रुळतो, हे खरं. पण नाव सारखं म्हणून वागणं सारखं नसतं. इथलं फाइंड वेगळ्या पद्धतीने लिहावं लागतं, वाइल्डकार्ड म्हणून टक्क्याचं चिन्हही चालतं. आरएम तर खरंच डेटाबेसच्या फाइली उडवतं. चालू डेटाबेसने उघडलेली फाइल असेल तर एएसएम नकार देतं आणि वाइल्डकार्ड दिलं तर एकदा विचारतंही. पण डेटाबेस बंद असेल, किंवा फाइल बॅकअपची असेल, आणि तुम्ही सवयीने जबरदस्तीचा पर्याय लावला असेल, तर नकार देणारं कुणी नाही. वर मूळ प्रॉम्प्टवर तुम्ही कुठल्या डिरेक्टरीत आहात तेही दिसत नाही. त्यासाठी सुरू करतानाच 'पी' हा पर्याय द्यावा लागतो. माझ्या मते तो मूळचाच चालू असायला हवा होता.

चौथी, एमडी-बॅकअप. या नावात बॅकअप आहे म्हणून कित्येकांना वाटतं की डेटा सुरक्षित झाला. ती कमांड फक्त गटाची रचना उतरवून घेते : कोणत्या डिस्का, कोणते गुणधर्म, कोणत्या डिरेक्टरी आणि टेम्प्लेट. घराचा नकाशा जपून ठेवला म्हणजे घरातलं सामान वाचत नाही.

पाचवी, गट तयार करायचा किंवा बदलायचा तर एक्सएमएल लिहून द्यावं लागतं. कमांड लाइनवर बसलेल्या माणसाला कोनी कंस मोजायला लावणं म्हणजे जेवायला बसवून आधी पत्रावळी शिवायला सांगण्यासारखं आहे. तेच काम एसक्यूएलच्या एका वाक्यात होतं.

जे चांगलं आहे

समीक्षा म्हणजे नुसती उणीदुणी नव्हेत. याच साधनातली डीयू ही कमांड मला फार प्रामाणिक वाटते. ती दोन आकडे देते, डेटा किती आणि प्रतींसह किती. दोन्ही शेजारी शेजारी. एलएसडीजी लिहिणाऱ्यांनी डीयू लिहिणाऱ्यांशी एकदा चहा प्यायला हवा होता.

एलएसडीएसके (लिस्ट डिस्क) गटाच्या पोटात शिरून प्रत्येक डिस्कवर किती मोकळं आहे ते सांगते. हे का महत्त्वाचं? तुकडे सगळ्या डिस्कांवर सारखे पडायचे असतात, म्हणून एक डिस्क भरली की गटात एकंदर जागा असूनही तीच ओआरए-15041 येऊ शकते. बेरीज इथे खोटी ठरते, वाटणी बघावी लागते. अशा वेळी रीबॅलन्स चालवायचं आणि एलएसओपीने ते कुठवर आलं बघायचं. आयओस्टॅटमध्ये डिस्कनिहाय वाचन, लेखन आणि त्रुटी दिसतात. एकदाच चालवलं तर आजवरची बेरीज मिळते, सेकंद दिले तर त्या त्या टप्प्यातला वेग. थीसिससाठी आलेख काढणाऱ्यांनी या दोहोंतला फरक वहीत लिहून ठेवावा.

आणि न्यायाने सांगायचं तर ही खोड एकट्या ओरॅकलची नाही. झेडएफएसमध्ये रेड-झेड केलं असेल तर झेडपूल-लिस्ट पॅरिटीसकट कच्ची जागा दाखवतं आणि झेडएफएस-लिस्ट वापरता येईल ती. दोन कमांड, दोन उत्तरं, दोन्ही बरोबर. सुपरकॉम्प्युटरवर तुम्ही बहुधा लस्टर फाइलप्रणालीवर काम कराल. तिथे एखादं टार्गेट भरलं की एकंदर जागा शिल्लक असतानाही तुमचं काम 'जागा नाही' म्हणत पडू शकतं. म्हणून तिथे एलएफएस-डीएफ टाकून टार्गेटनिहाय यादी बघायची. प्रश्न सगळीकडे तोच आहे.

युजेबलच्या रकान्यालाही मी देव मानत नाही. त्यातला दोनने भागाकार असं धरून चालतो की नवी फाइल गटाच्या मूळ प्रकारानेच, म्हणजे दोन प्रतींत ठेवली जाईल. पण टेम्प्लेट बदलून एखादी फाइल तीन प्रतींतही ठेवता येते. पुढे आलेल्या फ्लेक्स प्रकारच्या गटात तर प्रतींची संख्या फाइलगटागणिक वेगळी असू शकते. शिवाय नॉर्मल गटात दोनच फेल्युअर ग्रुप असतील तर एक पूर्ण गेल्यावर दुसरी प्रत ठेवायला वेगळी जागाच उरत नाही, मग मोकळं कितीही असो. प्रत्येक बरोबर आकड्याच्या खाली एक गृहीतक असतं, ते वाचायचं.

याचा संशोधनाशी काय संबंध?

कुणी म्हणेल, हे आयटीवाल्यांचं काम, आपण विज्ञानवाले. तर एक उदाहरण. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत ओरॅकल 1982 पासून वापरात आहे, एलईपी यंत्राच्या तयारीपासून. पुढे एलएचसीच्या प्रयोगांसाठी तिथल्या डेटाबेस गटाने एएसएमवर साठवण उभारली, तीही नॉर्मल प्रकाराने, साध्या डिस्कपेट्या फेल्युअर ग्रुप म्हणून वापरून. एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगात मुंबईची टीआयएफआर आणि आपल्या पाषाणची आयसर या दोन्ही संस्था सहभागी आहेत. पुण्यात बसून कुणी विद्यार्थी सीएमएसच्या टकरींचं विश्लेषण करतो तेव्हा शोधकाचं कॅलिब्रेशन, त्या वेळची स्थिती हे सगळं सर्नमधल्या ओरॅकल डेटाबेसातून, मधल्या साठवणींमार्गे त्याच्या प्रोग्रामपर्यंत येतं. त्याला एलएसडीजी कधी टाकावी लागणार नाही, पण त्याच्या कणाचं वस्तुमान अशाच कुठल्यातरी डिस्कग्रुपच्या भरवशावर उभं असतं.

आणि आपल्या छोट्या प्रयोगशाळांत तर हे काम करायला वेगळा माणूसच नसतो. सर्व्हर कोपऱ्यात गुणगुणत असतो, पासवर्ड एका सीनिअरकडे, तो पोस्टडॉकला गेलेला. डिस्क किती भरली हे बघणारा तुम्हीच.

म्हणून त्या ज्युनिअरला मी शेवटी काय सांगितलं ते इथे लिहिते.

पहिलं, कुठल्याही साठवणीचा अहवाल लिहिताना 'मोकळी जागा' हा शब्दच वापरू नको. 'एक डिस्क गेल्यावरही लिहिता येईल अशी जागा' असा रकाना कर. नाव लांब आहे, असू दे.

दुसरं, गटाचा प्रकार त्या आकड्याच्या शेजारी छाप. प्रकाराशिवाय आकडा म्हणजे एककाशिवाय मोजमाप.

तिसरं, किती डिस्का ऑफलाइन आहेत ते रोज बघ. शून्य असलं तरी छाप. शून्य दिसण्याची सवय झाली तरच 1 डोळ्याला टोचेल.

चौथं, दुसऱ्याचा साचा मिळाला तर पहिल्या दिवशी त्यातला प्रत्येक रकाना हाताने एकदा काढून बघ. चार डिस्का, एक वही, दहा मिनिटं. वर मी केलं तेवढंच.

पाचवं, प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही प्रतींतून एकाच क्षणी जाते.

त्याने विचारलं, "मग एएसएमसीएमडी चांगलं की वाईट?" मी म्हटलं, मी आजही चित्रांच्या पडद्यापेक्षा तेच वापरीन. त्याचं उत्तर फाइलीत साठवता येतं, कालच्याशी ताडून बघता येतं, दुसऱ्याला जसंच्या तसं परत करून बघता येतं. संशोधनाला हेच तर लागतं. साधन मेहनती आहे, विचारलेलं सगळं सांगतं. फक्त महत्त्वाचं काय ते आधी सांगत नाही. ते आपल्यालाच विचारावं लागतं.

चहा संपेपर्यंत सात वाजले होते. शेजारच्या टेबलावर पेपर पडला होता, पहिल्याच पानावर धरणांचा तक्ता. त्याने तो उचलला आणि मला विचारलं, "यातला मृत साठा किती असेल?"

मला वाटतं, त्याची तयारी सुरू झाली.